मांद्रेतल्या तीन खोल्या, भाटातली विहीर आणि एक क्लॅम्प मीटर

घरात विजेचं मोजमाप करायला एकच यंत्र घ्यायचं असेल तर क्लॅम्प मीटर घ्या, म्हणजे तार न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर. तो वॅट दाखवत नसला तरी चालेल. व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे खरे मिळाले की वॅट (शक्ती) आणि ओहम (रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा) आपले आपण काढता येतात, आणि ते स्वतः काढण्यातच खरी माहिती हाती लागते. माझ्याकडचा मीटर मी हिवाळ्यापासून पुढच्या पावसापर्यंत सतत वापरला. त्याचे गुण-दोष दोन्ही इथे लिहिते आहे.

आमचं घर पेडणे तालुक्यात, मांद्रेत. घरामागे पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत, प्रत्येक न्हाणीत गिझर, दोन खोल्यांत एसी, दोन फ्रिज, आणि भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या, विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप. ऑक्टोबर ते मे खोल्या भरलेल्या असतात. बिल आलं की त्यातलं किती गिझरचं, किती एसीचं, किती पंपाचं याचा पत्ता लागत नसे. संध्याकाळी पाहुण्यांची तक्रार यायची, पाणी लवकर तापत नाही म्हणून. एका खोलीत गिझरचा प्लग काढताना बोटांना चटका बसायचा. लग्नापूर्वी मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं आहे, त्यामुळे अंदाजावर बोलणं मला पटत नाही. म्हापशाच्या बाजारात मोटार रिवाइंडिंगचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथून हा मीटर आणला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच साचा वेगवेगळ्या नावांनी बाजारात आहे. नावापेक्षा घेताना काय बघायचं ते सांगते. माझा मीटर ६००० काउंटचा आहे, म्हणजे पडद्यावर ५९९९ पर्यंत आकडा येतो. ट्रू आरएमएस आहे, म्हणजे करंटची लाट वेडीवाकडी असली तरी खरा आकडा देतो. घरात येणाऱ्या एसी (दिशा बदलणाऱ्या) करंटबरोबर बॅटरीचा डीसी (एकाच दिशेचा) करंटही जबड्यातून मोजतो. ही गोष्ट दुकानदाराला स्पष्ट विचारा, कारण स्वस्त क्लॅम्प मीटर डीसी व्होल्टेज दाखवतात पण डीसी करंट दाखवत नाहीत. अंगावर कॅट थ्री ६०० व्होल्ट असं छापलेलं आहे, तो मीटर कुठे सुरक्षितपणे वापरता येतो ते सांगणारा शिक्का. घरातल्या मुख्य बोर्डाजवळ मोजायचं तर हा शिक्का हवाच. करंटची सर्वांत लहान पायरी ०.०१ अँपिअर, व्होल्टची ०.१, ओहमची ०.१. माहितीपत्रकात करंटची चूक अडीच टक्के अधिक शेवटचे पाच अंक आणि व्होल्टची एक टक्का अधिक पाच अंक अशी दिली आहे. हे ‘अधिक पाच अंक’ (म्हणजे सर्वांत लहान पायरीच्या पाचपट) नीट लक्षात ठेवा, पुढे ते फार महत्त्वाचे ठरतात. किंमत अडीच हजारांच्या आत पडली.

खोक्यात मीटर, दोन प्रोब (टोकं टेकवून मोजायच्या वायरी), कापडी पिशवी आणि दोन बारीक सेल मिळतात. जी वस्तू सर्वांत आधी लागते ती मात्र मिळत नाही. क्लॅम्पचा जबडा तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. मिक्सरच्या किंवा इस्त्रीच्या अख्ख्या वायरीला जबडा लावला तर पडद्यावर शून्य येतं, कारण फेजमधून जाणारा करंट आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट एकमेकांचं क्षेत्र पुसून टाकतात. जबड्यात एकच तार हवी. आमच्या वायरमनने मला १६ अँपिअरचा प्लग आणि सॉकेट लावून एक हातभर लांब वायर करून दिली. तिचं बाहेरचं जाड आवरण मध्यभागी सोललेलं आहे, आतल्या तिन्ही तारा आपापल्या आवरणासह सुट्या आहेत, आणि फेजची तार मुद्दाम लांब ठेवली आहे. ‘वयनी, हें नासतना मीटर कपाटांतच उरतलो,’ (वहिनी, हे नसेल तर मीटर कपाटातच राहील) असं तो म्हणाला, आणि ते अगदी बरोबर निघालं. मीटर घेणाऱ्या प्रत्येकाने अशी वायर जाणकाराकडून करून घ्यावी. स्वतः मुख्य बोर्ड उघडू नये. पुढे जिथे जिथे बोर्डावरचं मोजमाप आलं आहे तिथे ते परवानाधारक वायरमनने केलं आहे, मी फक्त आकडे लिहून घेतले.

पहिली चाचणी गिझरची. पहिल्या खोलीतला गिझर १५ लिटरचा, त्याच्या पट्टीवर २००० वॅट आणि २३० व्होल्ट लिहिलेलं. गिझर चालू असताना व्होल्टेज आलं २१८ आणि करंट ८.२ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो: २१८ भागिले ८.२ म्हणजे २६.६ ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती: १७८८ वॅट. आता पट्टीवरचे २००० वॅट खरे की खोटे? तापणाऱ्या कॉइलचा रोध व्होल्टेजबरोबर फारसा हलत नाही, तेव्हा २६.६ ओहम कायम धरून २३० व्होल्टला किती शक्ती येईल ते काढायचं. व्होल्टचा वर्ग भागिले रोध: ५२९०० भागिले २६.६, म्हणजे १९८९ वॅट. गिझर बरोबर लिहिल्याप्रमाणे आहे. घरी येणारं व्होल्टेजच २३० नव्हतं.

पण मीटरवर विश्वास ठेवायचा कशावरून? यासाठी प्रत्येकाच्या घरात एक फुकटचा साक्षीदार बसवलेला आहे, तो म्हणजे वीज खात्याचा मीटर. त्यावर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद केलं, इन्व्हर्टरसुद्धा, फक्त गिझर ठेवला आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजलं. ९४ आले. मिनिटाला ९४ म्हणजे तासाला ५६४०, भागिले ३२०० म्हणजे १.७६ युनिट, म्हणजेच १७६० वॅटच्या जवळपास. क्लॅम्प मीटरने १७८८ सांगितले होते. दीड टक्क्याचा फरक. माहितीपत्रकातल्या चुका जोडल्या तर चार टक्क्यांपर्यंत फरक चालला असता. ही चाचणी मी प्रत्येकाला करायला सांगते, कारण तिच्यासाठी मीटर विकत घ्यावाच लागतो असंही नाही.

संध्याकाळच्या तक्रारीचं उत्तर यातूनच मिळालं. एप्रिल-मे महिन्यांत सात-साडेसातच्या सुमाराला आसपासच्या सगळ्या खोल्यांतले एसी सुरू होतात. तेव्हा आमच्या बोर्डावर २०३ व्होल्टपर्यंत खाली आलेलं मी बघितलं आहे. त्याच गिझरमधून मग ७.६ अँपिअर जातात आणि शक्ती होते १५४९ वॅट. व्होल्टेज सुमारे १२ टक्क्यांनी कमी, शक्ती २२ टक्क्यांनी कमी. हा वर्गाचा परिणाम आहे: व्होल्टेज उतरलं की करंटही त्याच प्रमाणात उतरतो, आणि गुणाकारात दोन्हींची घट एकत्र येते. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण ०.४९ युनिट लागतं. पूर्ण २३० व्होल्ट असतील तर पावणेपंधरा मिनिटं, २०३ असतील तर जवळजवळ एकोणीस. पाहुण्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती आणि गिझरचा त्यात काडीचाही दोष नव्हता. आता खोलीत एक चिठ्ठी लावली आहे: संध्याकाळी आंघोळीआधी वीस मिनिटं गिझर लावावा. बिल यामुळे वाढत नाही, कारण पाण्याला उष्णता तेवढीच लागते, ती फक्त सावकाश मिळते.

आता चटका देणाऱ्या प्लगबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण माझ्या मते मीटरचे पैसे इथेच वसूल झाले. तिसऱ्या खोलीतही तसाच २००० वॅटचा गिझर आहे. वायरमनने गिझर चालू असताना मुख्य बोर्डावर व्होल्टेज मोजलं, २१८. लगेच गिझरच्या टर्मिनलवर मोजलं, २१३. व्होल्टेज सतत थोडं हलत असतं म्हणून दोन्ही जागी आळीपाळीने अनेकदा मोजलं, पण फरक पाचच्या आसपासच राहिला. करंट होता ८.० अँपिअर. म्हणजे वाटेत कुठेतरी पाच व्होल्ट हरवत होते.

वाटेत आहे काय? बोर्डापासून न्हाणीपर्यंत बारा मीटर, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. अशा तारेचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. जाऊन-येऊन चोवीस मीटर, म्हणजे ०.१८ ओहम. त्याला आठ अँपिअरने गुणलं तर १.४ व्होल्ट. एवढे तारेत जाणारच. उरलेले ३.६ व्होल्ट सॉकेटमध्येच जात असणार, दुसरी जागाच नव्हती. ३.६ भागिले ८ म्हणजे ०.४५ ओहम. आकडा किती छोटा वाटतो! पण ३.६ गुणिले ८ केलं की २९ वॅट येतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातली डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) २५ वॅटची असते, आणि ती कथील वितळवते. तेवढी उष्णता भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत, पाहुणा आंघोळ करत असताना, रोज निर्माण होत होती.

सॉकेट उघडलं तेव्हा आतली पितळी पट्टी हिरवी पडलेली होती आणि स्प्रिंगचा ताण गेलेला. समुद्र जवळ, खारी हवा, त्यात पावसाळ्यातली चार महिन्यांची ओल. इथे धातूच्या जोडांचं असं होतं, आणि जोडाचा रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंग आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) यात काहीच करत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो, उलट किंचित कमी झालेला असतो. हे लोकांना पटकन पटत नाही. एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालतात. सॉकेट आणि प्लग दोन्ही नवे बसवले, टर्मिनलचे स्क्रू घट्ट केले, आणि हरवणारं व्होल्टेज दीडवर आलं. म्हणजे फक्त तारेचं. आता दर वर्षी चवथ झाली, पाऊस ओसरला की पाहुणे यायच्या आधी तिन्ही खोल्यांचं हे मोजमाप वायरमनकडून करून घ्यायचं ठरवलं आहे. समुद्रकाठच्या ज्या कोणाच्या घरात गिझर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: प्लग गरम लागत असेल तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

हा ०.४५ ओहम मीटरच्या ओहमच्या खुणेवर ठेवून थेट मोजता आला नसता का? नाही. माझ्या मीटरच्या दोन प्रोबांची टोकं एकमेकांना टेकवली तरी ०.३ ओहम दिसतात, ते त्या वायरींचेच. छोटा रोध मोजायचा तर भरपूर करंट वाहता ठेवून व्होल्टचा फरक बघणं हाच मार्ग. शिवाय ओहमची खूण चालू विजेवर कधीही वापरायची नाही, वस्तू प्लगमधून पूर्ण सुटी करूनच.

ओहमच्या खुणेवर आणखी एक प्रयोग केला, तो मुलांना दाखवण्यासारखा आहे. कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला आमच्याकडे अजून १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब आहे. २३० व्होल्टवर त्याचा रोध हिशेबाने ५२९ ओहम यायला हवा. थंड बल्ब मीटरवर धरला तर चाळीसच्या आत दाखवतो. मीटर बिघडलेला नाही. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते तेव्हा तिचा रोध दहापटीहून अधिक होतो. म्हणूनच असे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणी जातात, पहिल्या क्षणाचा करंट फार मोठा असतो. गिझरची कॉइल नायक्रोमची, म्हणजे तापली तरी रोध फारसा न बदलणाऱ्या मिश्रधातूची. ती थंड असताना, प्रोबांचे ०.३ वजा करून, २६.० ओहम मिळाली आणि चालू असताना हिशेबाने २६.६. फरक दोन-अडीच टक्के. म्हणजे गिझर, इस्त्री, रॉड यांच्या बाबतीत थंड ओहमवरून शक्तीचा अंदाज करता येतो, बल्बच्या बाबतीत नाही.

जर्मनीत कोलोनच्या एका शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहमनेही हे मोजमाप वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊनच केलं होतं. त्याच्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज टिकत नसे, म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांच्या जोडाची दोन टोकं वेगवेगळ्या तापमानाला ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवलं आणि १८२७ साली आपला नियम (व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध) पुस्तकरूपाने मांडला. संध्याकाळी आमच्या बोर्डावरचा हलता आकडा बघताना मला त्याच्या त्या चिकाटीचं खरंच कौतुक वाटतं. करंटच्या वर्गाला रोधाने गुणलं की उष्णता मिळते हे जूलने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलं. आमच्या सॉकेटचे २९ वॅट त्याच हिशेबाने येतात: ८ गुणिले ८ गुणिले ०.४५.

आता मीटरचे दोष. पहिला आणि मोठा: लहान करंट तो भरवशाने मोजत नाही. उभ्या पंख्याला ०.२६ अँपिअर दिसतात. पण ‘अधिक पाच अंक’ म्हणजे ०.०५ अँपिअरची चूक शक्य, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. अशा आकड्यावर वॅट काढण्यात अर्थ नाही. यावर एक जुनी युक्ती आहे आणि ती उत्तम चालते. सुटी केलेली फेजची तार जबड्यातून दहा वेळा गुंडाळून न्यायची. मीटरला दहापट करंट दिसतो, २.६, त्याला दहाने भागायचं. चूकही दहाने भागली जाते आणि चार-पाच टक्क्यांवर येते. मघाशी फेजची तार लांब ठेवली म्हटलं ते यासाठीच. दुकानात घेताना जबडा किती रुंद उघडतो आणि त्यात दहा वेढे बसतील का ते बघून घ्या.

दुसरी अडचण मीटरची नसून हिशेबाची आहे, पण ती न सांगणं बरोबर नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे गिझर, इस्त्री, रॉड, तारेचा बल्ब यांना लागू. फ्रिजला नाही. आमच्या मोठ्या फ्रिजला दहा वेढ्यांनी मोजून ०.९५ अँपिअर आले, व्होल्टेज २२२. गुणाकार २११. खात्याच्या मीटरवर मात्र फक्त फ्रिज चालू ठेवून तीन मिनिटांत १९ लुकलुक आल्या, म्हणजे ११९ वॅट. गुणाकाराच्या जेमतेम ५६ टक्के. कॉम्प्रेसरच्या मोटारीत करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, काही करंट काम न करता नुसताच ये-जा करतो, आणि घरगुती मीटर बिल लावतो ते प्रत्यक्ष वॅटचं. या ५६ टक्क्यांनाच पॉवर फॅक्टर म्हणतात. क्लॅम्प मीटर एकटा असताना हे कळणार नाही, त्याच्या जोडीला लुकलुक मोजावी लागते. ज्यांना फक्त फ्रिज, टीव्ही, चार्जर यांचे वॅट हवे आहेत त्यांनी सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर घ्यावा, तो पॉवर फॅक्टर धरून आकडा देतो. मला बोर्ड, विहीर आणि बॅटरी मोजायची होती. ते त्याच्याने झालं नसतं.

विहिरीच्या पंपाने तर ओहमच्या नियमाची मर्यादाच दाखवली. पंप बंद आणि सुटा असताना मुख्य वेढ्यांचा रोध २.८ ओहम. सरळ भागाकार केला तर २२२ व्होल्टला ७९ अँपिअर व्हावेत. प्रत्यक्षात पंप चालताना ६.४ अँपिअरच घेतो, कारण फिरणारी मोटार स्वतः उलट व्होल्टेज तयार करते. आणि संध्याकाळी २०२ व्होल्ट असताना त्याचा करंट कमी होण्याऐवजी ६.९ झाला. गिझर कमी व्होल्टेजला कमी करंट घेतो, पंप जास्त घेतो, कारण पाणी तर तेवढंच वर चढवायचं असतं. ६.४ वरून ६.९ म्हणजे फार नाही असं वाटेल, पण वेढ्यांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, ती १६ टक्क्यांनी वाढली. मे महिन्यात गावात मोटारी जळतात त्याचं एक कारण मला इथे समोर दिसलं. आम्ही आता टाकी सकाळीच भरतो.

पंपाची तारही याच ओघात तपासली. बोर्डापासून विहिरीपर्यंत साठ मीटर, जुनी तार दीड चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन १२० मीटरांचा रोध १.४५ ओहम, म्हणजे ६.४ अँपिअरला नऊ व्होल्ट वाटेतच संपतात. चार चौरस मिलिमीटरची टाकली तर साडेतीन. विजेची बचत म्हणाल तर पंप चालू असताना ३७ वॅट, रोज दोन तास धरले तर वर्षाला २७ युनिट. तेवढ्यासाठी कोणी तार बदलणार नाही. पण संध्याकाळी ६.९ अँपिअरला २०२ व्होल्टांतून दहा गेले की पंपाला १९२ उरतात, आणि तिथे सहा व्होल्ट जास्त मिळणं ही मोटारीच्या आयुष्याची बाब आहे. आम्ही तार बदलली.

डीसी करंटची सोय पावसाळ्यात उपयोगी पडली. जूनमध्ये वादळवाऱ्याला माड तारांवर पडला की वीज जाते, आणि पाहुणे नसले तरी घरात माणसं असतातच. इन्व्हर्टर १२ व्होल्टचा, बॅटरी १५० अँपिअर-तासांची. पंखे, दिवे आणि इंटरनेटचा राउटर चालू असताना बॅटरीच्या जाड वायरीवर २४ अँपिअर, बॅटरीचं व्होल्टेज १२.१. म्हणजे २९० वॅट. तेवढीच शक्ती २३० व्होल्टवर न्यायला सव्वा अँपिअर पुरला असता. व्होल्टेज कमी म्हणून करंट मोठा, आणि म्हणून बॅटरीच्या टर्मिनलवरचा ०.०२ ओहमसारखा क्षुल्लक रोधही अर्धा व्होल्ट खातो आणि साडेअकरा वॅटने तापतो. आमच्या टर्मिनलवर पांढरा थर आला होता. इन्व्हर्टर बंद करून, वायरी काढून, सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून वर व्हॅसलिन लावलं. १५० भागिले २४ केलं तर सव्वासहा तास येतात, पण बॅटरी तळापर्यंत रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं, आणि मोठ्या करंटला ती कागदावरच्यापेक्षा कमीच देते. मी तीन तासांचा हिशेब धरते आणि नंतर पंखे कमी करते.

डीसी मोजताना मीटरचा तिसरा दोष जाणवतो. जबडा मोकळा असतानाही आकडा शून्यावर थांबत नाही, मीटर हातात फिरवला की ०.२, ०.३ असा सरकतो. प्रत्येक वेळी ज्या दिशेने मोजायचं त्या दिशेने धरून आधी शून्याचं बटण दाबावं लागतं. २४ अँपिअर मोजताना याने बिघडत नाही, पण कोणाला सौर पॅनेलच्या छोट्या दिव्याचा अर्धा अँपिअर मोजायचा असेल तर हा मीटर त्यांच्या कामाचा नाही. पडद्यामागचा दिवाही फार लवकर विझतो. बोर्डाच्या कोपऱ्यात वाकून आकडा वाचेपर्यंत अंधार होतो, तेव्हा जवळ टॉर्च धरणारं कोणीतरी लागतं. प्रोब साधारण आहेत, त्यांची टोकं बोथट. वायरमनने चांगले वेगळे घ्यायला लावले, तेही कॅट थ्री शिक्क्याचेच. पावसाळ्यात मीटर मी सेल काढून, सिलिका जेलची पुडी घालून, झाकणाच्या डब्यात ठेवते.

होमस्टे, खानावळ, छोटी गिरण, विहिरीवर पंप असं काही असेल तर जरूर घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि गिझर एकच असेल तर खात्याच्या मीटरवरची लुकलुक मोजा आणि वर्षातून एकदा वायरमनकडून सॉकेट उघडून बघून घ्या, तुमचं काम तेवढ्यात होईल.